नव्याण्णव कामगार आणि आठ सुपरवायझर

मी आयुष्यात एकदाच ऑफिसर झाले, आणि ते पद तेरा महिने टिकलं. मिळालं तेव्हा मी काहीच केलं नव्हतं. गेलं तेव्हा मी खरं बोलले होते, तेही जेमतेम तीन वाक्यं.

घाटकोपरला आग्रा रोडला लागून आमचा कारखाना होता. तिथे रॉकेलच्या स्टोव्हचे पितळी बर्नर बनत. मी टायपिस्ट-कम-टाइमकीपर. सकाळी आठला गेटजवळच्या खिडकीत बसून मस्टर भरायचं, हजेरी झाली की वर शेठच्या केबिनबाहेर येऊन टाइप करायचं. मशिनं दोन होती, एक इंग्रजी आणि एक मराठी. मराठी मशीन अख्ख्या कारखान्यात मला एकटीलाच येत असल्यामुळे युनियनची पत्रंही माझ्याकडेच यायची. सकाळी युनियनचं मागणीपत्र टाइप करायचं आणि दुपारी त्याच मागणीपत्राला शेठचं उत्तर. एकदा दोन्हीकडे मी 'कृपया'तला 'कृ' चुकवला. शेठ म्हणाले, या लोकांना लिहिता येत नाही. युनियनचा सेक्रेटरी म्हणाला, शेठला लिहिता येत नाही. मी दोघांनाही हो म्हटलं.

टायपिंगच्या क्लासात आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की अर्थ वाचायचा नाही, अक्षर वाचायचं. अर्थात शिरलात की स्पीड गेला. मी ते इतकं मनावर घेतलं होतं की माझ्या हातून शेकडो पत्रं गेली आणि डोक्यात एकही राहिलं नाही. याचा मला अभिमान होता. आज लाज वाटते, पण तेव्हा होता.

घर माझ्या पगारावर चालायचं, कारण माझे वडील संपावर होते. गिरण्यांचा मोठा संप मोडला होता, त्यांची गिरणी परत सुरू झाली होती, त्यांच्या मागावर दुसरंच कोणी उभं राहत होतं. पण संप मागे घेतला असं कोणी जाहीर केलं नव्हतं आणि तुम्हाला काढलं असं गिरणीने वडिलांना कळवलं नव्हतं. त्यामुळे भटवाडीतल्या आमच्या चाळीत कोणी विचारलं, की ते शांतपणे सांगत, "मी संपावर आहे." रेशनिंगच्या एका फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी 'संप' असं लिहिलं, आणि तिथल्या कारकुनाने ते चालवून घेतलं. आई त्या फॉर्मवरून त्यांना कितीतरी दिवस चिडवत होती.

आमच्या युनियनचा सेक्रेटरी टर्नर होता, मालवणकडचा. अंगाने काटकुळा, पण गेट मीटिंगला उभा राहिला की त्याला माइक लागत नसे. चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात त्याने एक दिवस पेपर उंच धरून सांगितलं, की कायदा बदलला. पूर्वी तीनशे कामगार असले तरच कारखाना बंद करायला किंवा माणसं कमी करायला मालकाला सरकारची परवानगी लागायची. आता तो आकडा शंभरावर आणला होता. वर्षभराच्या सरासरीने शंभर कामगार असले, की मालकाला मनाला येईल तेव्हा टाळं ठोकता येणार नाही.

आम्ही किती, हे कोणाला माहीत? मला. सगळे माझ्या खिडकीकडे वळले. मी मस्टर काढून मोजलं आणि ओरडून सांगितलं, "एकशे सात!" असल्या टाळ्या झाल्या की विचारू नका. आम्ही काही न करता सात मार्कांनी पास झालो होतो.

शेठ वर खिडकीत उभे होते. त्यांनाही ऐकू गेलं असणार.

शेठ काही राक्षस नव्हते. घरोघर गॅस येत होता आणि बर्नर कोणी घेत नव्हतं, हे मलाही दिसत होतं, गोदामात खोकी छताला लागली होती. आणि आग्रा रोडवरची जमीन बर्नरपेक्षा जास्त कमावेल, हे सांगायला रोज कोणी ना कोणी त्यांच्याकडे येत होतं. या सगळ्यात फोर्टातला एक सल्लागार दर मंगळवारी यायला लागला. तो बोलायचा आणि मी टाइप करायची. अक्षर अन् अक्षर बरोबर.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शेठनी मला आठ पत्रं टाइप करायला दिली. आठ जणांना सुपरवायझर म्हणून बढती आणि भरघोस पगारवाढ. पॅकिंग आणि भट्टी इथल्या दोघांचं ठीक होतं, त्यांच्या हाताखाली खरंच माणसं होती. पुढे होतं सुपरवायझर (गोदाम), सुपरवायझर (गेट), सुपरवायझर (पाणी), सुपरवायझर (चहा) आणि सुपरवायझर (झाडलोट). आठवं पत्र माझं होतं. सुपरवायझर (टायपिंग व हजेरी). आधीची सात मी एका दमात बडवली. आठवं मात्र वाचलं. चांगलं दहा-अकरा वेळा वाचलं. माझं स्वतःचं पत्र स्वतःच टाइप करून, शेठची सही घेऊन, स्वतःच्याच हातात दिलं आणि पोचपावतीवर सहीही केली.

"बेन, तुमी आता ऑफिसर," शेठ म्हणाले. "कामगार नाय."

घरी वडिलांनी ते पत्र दोन्ही बाजूंनी बघितलं. मागची बाजू कोरी होती, तरी बघितली. मग शर्ट चढवून ते बाहेर पडले आणि पेढे घेऊन आले. चाळीत प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, "मुलगी ऑफिसर झाली." शेजारच्या काकूंनी विचारलं, हाताखाली किती माणसं? वडील म्हणाले, "तिला विचारा." मी म्हटलं, "अजून यायची आहेत."

कारखान्यात सुपरवायझरला खुर्ची असते, म्हणून आठ खुर्च्या आल्या. मला आधीच होती, तरी आणखी एक आली, आणि ती नाकारणं पदाला शोभणार नाही म्हणून मी तिच्यावर पर्स ठेवायला लागले. खरी पंचाईत झाडलोटवाल्याची झाली. तो दहा वर्षं एकटाच अख्खं आवार झाडत होता, आणि बढती झाली तरी झाडू त्याच्याच हातात होता. त्याने खुर्ची आवाराच्या मधोमध ठेवली. खुर्चीभोवतालचं झाडायचा, मग खुर्ची उचलून चार पावलं पुढे न्यायचा, क्षणभर बसायचा, आणि परत उठून झाडायचा. संध्याकाळपर्यंत तो आणि खुर्ची दोघंही गेटपाशी पोचत. पाणीवाला माठ भरून झाले की खुर्चीत बसून माठांकडे कडक नजरेने बघत असे.

जेवायला सुपरवायझरांचं टेबल वेगळं झालं. टेबल चौघांचं आणि आम्ही आठजण. कोपर कोपराला लागत असे, डबा उघडायला शेजाऱ्याची परवानगी घ्यावी लागे. पलीकडे कामगारांच्या लांब बाकावर बांगड्याचं तिखलं या टोकाकडून त्या टोकाकडे फिरायचं, आणि आमचा चहावाला त्या वासाकडे तोंड करून भेंडी चावत बसायचा. पण उठून तिकडे गेला नाही कोणी. मीही नाही गेले. सेक्रेटरी जाता-येता मला म्हणायचा, "काय गो बाय, आता तुका मॅडम म्हणूचा की काय?" मी म्हणायची, "म्हण ना, बिघडलं काय?" मला खरंच त्यात काही बिघडलेलं दिसत नव्हतं.

वर्ष असं गेलं. पुढची दिवाळी झाली आणि दोन-तीन आठवड्यांत शेठनी नोटीस टाइप करायला दिली, इंग्रजीत. कारखाना साठ दिवसांनी बंद. ती बोर्डावर लागताच सेक्रेटरी दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

"परवानगी खंय आसा?" त्याने शेठना विचारलं.

"परवानगी शंभराला लागते," शेठ म्हणाले. "आपण नव्याण्णव."

मी मशीनवरून हात काढला. एकशे सातातून आठ गेले की नव्याण्णव. एवढा साधा हिशोब, रोज मस्टर भरणाऱ्या बाईला वर्षभर सुचला नव्हता. सगळे जेवायला गेल्यावर मी कपाटातून गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीच्या पत्रांच्या कार्बन प्रती काढल्या आणि पहिल्यांदा अर्थ वाचला. सल्लागाराचं पत्र होतं. सुपरवायझर कायद्याने कामगारांत मोडत नाही. त्याला पगार मात्र कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या वर हवा, नाहीतर तो कामगारच धरला जातो. तरी आठ पदं वर उचलावीत, म्हणजे संख्या नव्याण्णवावर येईल, आणि मग वर्षभर थांबावं. खाली कोपऱ्यात टाइप करणारीची आद्याक्षरं असतात, ती माझी होती. एकही चूक नव्हती. मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

त्यानंतर गेट मीटिंगला जे झालं ते मी कोणाला सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. शंभरावा माणूस शोधायला सुरुवात झाली. एकच पाहिजे होता. कोणी म्हणालं, शेठचा ड्रायव्हर धरा. तो म्हणाला, मी शेठच्या घरच्या पगारावर आहे, कारखान्याच्या नाही. कोणी म्हणालं, डबेवाला रोज येतो, त्याला धरा. मग मे महिन्यात वारलेल्या एका पॉलिशवाल्याचं नाव निघालं. त्याच्या जागी दुसरा घेतला होता आणि नव्याण्णवात तो दुसराच मोजला होता, पण याचे कागद पूर्ण झाले नसल्यामुळे हाही अजून मस्टरवर होता आणि मी याच्या नावापुढे रोज गैरहजेरी मांडत होते. त्याला धरावं की नाही, यावर अर्धा तास खल झाला. एकाचं म्हणणं, की त्याने राजीनामा दिलेला नाही. शेवटी त्याच्या बायकोकडे माणूस पाठवला. ती म्हणाली, "धरा. त्यांना आवडलं असतं." सेक्रेटरीने ते लिहून घेतलं, आणि मग त्याच्याच लक्षात आलं, की साहेबासमोर माणूस उभा करायला लागेल.

कारण युनियनची तक्रार गेल्यामुळे लेबर ऑफिसमधून एक साहेब मोजायला येणार होता. त्याने निरोप पाठवला होता, की पत्रावर काय पद लिहिलंय ते मी बघणार नाही, माणूस प्रत्यक्षात काय करतो ते विचारणार. हे कळल्यावर सल्लागार धावत आला आणि आम्हा आठजणांना केबिनमध्ये बसवून शिकवणी घेतली. "'मी करतो' म्हणायचं नाही. 'मी देखरेख करतो' म्हणायचं." तीन वेळा एका सुरात म्हणवून घेतलं. बालवाडीत बसल्यासारखं वाटत होतं.

सेक्रेटरीने आठहीजणांना गाठून समजावलं. पॅकिंग आणि भट्टीवाले खरेच सुपरवायझर होते, त्यांचा प्रश्न नव्हता. बाकीचे मान खाली घालून ऐकत आणि वाढलेल्या पगाराकडे बघून गप्प राहत. चहावाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, ते सुपरवायझरची मुलगी म्हणून. कोणाला शिव्या द्यायच्या? साहेब यायच्या दिवशी सकाळी सेक्रेटरी माझ्या खिडकीशी आला. "गो बाय, सगळ्यांका खुर्ची गोड लागली. आता तूच रवलंस." एवढं बोलला आणि मस्टरवर सही करून मशीनवर गेला.

मी त्याच सकाळी निघताना वडिलांना विचारलं होतं. मला वाटलं, संपवाला माणूस, छाती ठोकून सांगेल, की कामगार म्हण. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "ऑफिसरच म्हण. कामगार होऊन काय मिळतं ते मी बघितलंय."

"आणि कारखाना बंद झाला तर?"

"ऑफिसरला दुसरीकडे नोकरी मिळते. कामगाराला लोक विचारतात, संपात होतास का."

मला राग आला. त्यांचा नाही, ते खरं बोलत होते याचा. डबा न घेताच मी निघाले.

साहेब रिक्षाने आला. बगलेत फाइल, पायात चपला, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. केबिनमध्ये शेठ, सल्लागार आणि सेक्रेटरी बसले, आणि कोपऱ्यात मी, कारण जबाब टाइप करायला दुसरं कोणीच नव्हतं. नव्याण्णव कामगार मस्टरवरून पटापट झाले. पॅकिंग आणि भट्टी यांचेही झाले. मग गेटवाला आला.

"काम काय करता?"

"गेटवर देखरेख."

"गेट कोण उघडतं?"

गेटवाल्याने सल्लागाराकडे बघितलं. "गेट उघडतं, साहेब."

"आपोआप?"

"गाडी आली की उघडतं."

मी ते जसंच्या तसं टाइप केलं. गोदामवाला म्हणाला, खोकी हलतात. पाणीवाला म्हणाला, माठ भरले जातात. झाडलोटवाला खुर्ची घेऊनच वर आला होता. आवार कोण झाडतं, विचारल्यावर म्हणाला, "झाडलं जातं."

"कोणाकडून?"

"ते मी बघत असतो, साहेब. पण दिसत नाही कोणी."

साहेबाने एकदा खुर्चीकडे बघितलं आणि लिहून घेतलं. मग चहावाला. तो घामाघूम झाला होता.

"चहा कोण करतं?"

"चहा... होतो."

"तुमच्या हाताखाली कोण आहे?"

चहावाल्याने मनापासून विचार केला. "स्टोव्ह," तो म्हणाला.

सेक्रेटरीने कपाळावर हात मारला. हसावं की रडावं कळत नव्हतं. या कारखान्यात गेट उघडत होतं, माठ भरत होते, चहा होत होता, आवार झाडलं जात होतं आणि करत कोणीच नव्हतं. साहेब ते सगळं निमूटपणे उतरवून घेत होता. हे लोक आपल्याच तोंडाने आपण कामगार नाही म्हणत होते, तर तो तरी काय करणार? प्रत्येकाच्या जबाबाखाली तो लिहीत गेला, देखरेख.

मग त्याने माझ्याकडे मान वळवली. मी मशीनवर बसलेलेच होते.

"तुमचं काम?"

मी सल्लागाराने पढवलेलं वाक्य तोंडात आणलं होतं. खोटं कशाला बोलू, आणलं होतं. वाढलेला पगार डोळ्यांपुढे होता, आणि दारोदार पेढे देत फिरणारे वडीलही. पण माझी बोटं मशीनवर होती आणि समोरच्या कागदावर पाच जबाब होते, 'उघडतं', 'हलतात', 'भरले जातात', 'झाडलं जातं', 'होतो'. सहावं तसलंच वाक्य मला माझ्याच हाताने टाइप करायचं होतं, आणि अर्थ वाचण्याची सवय लागल्यापासून ते जमत नव्हतं.

"मी मस्टर भरते," मी म्हटलं. "मी टाइप करते. माझ्या हाताखाली कोणी नाही."

आणि माझाच जबाब मी टाइप केला. साहेबाने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं आणि फाइलवर आकडा लिहिला. शंभर.

शेठ एवढंच म्हणाले, "बेन, आ शूं केलंत तुमी?" त्यांचा आवाज दुखावलेला होता, आणि मला त्यांचंही वाईट वाटलं. माझ्या स्वभावात हा एक मोठा दोष आहे.

खाली बातमी माझ्याआधी पोचली होती. मला हार घातला. फुलांचा मिळाला नाही म्हणून पितळी बर्नर सुतळीत ओवून केला होता, आणि तो इतका जड होता की माझी मान दोन दिवस धरली. त्या दिवसापासून मला सगळे 'सेंच्युरी' म्हणायला लागले. पगार जुन्यावर आला. दुसरी खुर्ची गेली. जेवायला मी लांब बाकावर परत आले, आणि कोणीतरी न विचारता माझ्या ताटलीत बांगडा वाढला.

वडील माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी नळावरून हंडा आणत होते, तेव्हा ते शेजारच्या काकूंशी बोलताना ऐकू आले. "नाही हो, ऑफिसर नाही आता. कामगार आहे. तिच्यामुळे कारखाना चालू आहे." आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. मी जिन्यातच थांबले, हंडा कमरेवर घेऊन, ते आत जाईपर्यंत.

शेठनी मग सरळ मार्ग धरला. शंभर तर शंभर, म्हणाले, आणि कारखाना बंद करायची परवानगी मागणारा अर्ज सरकारकडे पाठवला. युनियनने विरोधाचं पत्र पाठवलं. दोन्ही मीच टाइप केली. साठ दिवसांत सरकारने कळवायचं, असं सल्लागार शेठना सांगत होता ते माझ्या कानावर पडलं, आणि मी ते सेक्रेटरीच्या कानावर घातलं. त्याने नोटीस बोर्डावर कॅलेंडर लावलं. रोज सुट्टीच्या भोंग्याला एक तारीख खोडायची.

आता हे कोणालाही विचारा. सरकारला अर्ज केला आणि उत्तर आलं नाही, याचा अर्थ काय? रेशनकार्डावर धाकट्याचं नाव चढवायला अर्ज केला, उत्तर नाही, म्हणजे नाव चढलं नाही. चाळीच्या गटारासाठी अर्ज केला, उत्तर नाही, म्हणजे गटार नाही. आमच्यात लहान पोरालाही हे ठाऊक होतं. त्यामुळे पोस्टमन आवारात शिरला की शंभर माणसांचा श्वास अडकायचा, आणि तो नुसती बिलं देऊन गेला की सगळे खूश. "नाय इला?" सेक्रेटरी मशीनवरून ओरडायचा. "नाही आलं," मी खिडकीतून ओरडायची. पन्नासाव्या दिवशी लोक माझ्याकडे बघून कानशिलावर बोटं मोडायला लागले होते, नजर लागू नये म्हणून. चहावाला, गेटवाला, झाडलोटवाला, सगळे हळूहळू लांब बाकाशी येऊन उभे राहायला लागले. कोणी त्यांना हाकललं नाही.

साठावा दिवस गेला. एकसष्टाव्या दिवशी सकाळी पोस्टमनने रिकामे हात दाखवले आणि कारखान्यात जो जल्लोष झाला तो मी पुन्हा कुठे पाहिला नाही. वर्गणी काढून कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम जिलबी आणली. भट्टीवाला आणि पॉलिशवाले नाचत होते. झाडलोटवाला खुर्चीवर उभा राहून घोषणा देत होता. आणि गंमत म्हणजे वरून शेठनीही पेढ्यांचे दोन पुडे पाठवले. सगळ्यांना भरून आलं. सेक्रेटरी म्हणाला, "माणूस हरलो, पण मनान मोठो हा." त्याने शेठच्या नावाने घोषणा दिली, आणि लोकांनी साथ दिली. मीही दिली.

मग शेठनी मला वर बोलावलं.

एकच कागद होता. मी मशीनवर कागद चढवला आणि टाइप करू लागले, आणि दुसऱ्या ओळीत बोटं थांबली. सल्लागार शांतपणे म्हणाला, "करा, करा. कायद्यातच आहे." साठ दिवसांत सरकारने काही कळवलं नाही, तर परवानगी दिली असं समजलं जातं. त्या दिवसापासून कारखाना बंद करायला मालक मोकळा.

मी पूर्ण टाइप केलं. शेठनी सही केली. कागद बोर्डावर लावायचं कामही माझंच होतं, म्हणून मी तो घेऊन जिना उतरले. सगळे बोर्डापाशीच जमलेले होते, कॅलेंडर काढून टाकत होते. सेक्रेटरीच्या हातात जिलबी होती. नोटीस इंग्रजीत, त्यामुळे तो म्हणाला, "काय लिवलंहा सांग गो."

मी सांगितलं. एकदा सांगून कळलं नाही, म्हणून परत सांगितलं.

"म्हणजे परवानगी गावली?"

"मिळाली."

"पण उत्तर इला नाय."

"आलं नाही म्हणूनच मिळाली."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी टाइप करताना काहीतरी चुकवलं असेल, आणि मी हो म्हणावं एवढीच त्याची अपेक्षा होती. मीही कागद परत वाचला. चूक नव्हती.

"मगे 'हो' म्हटल्यान कोणी?" त्याने विचारलं.

"कोणीच नाही."

"कोणीतरी म्हटलाच असतला मां? शंभर माणसांचा कारखानो बंद होता."

"नाही रे. कोणीच काही म्हटलेलं नाही."

जिलबीचा पाक त्याच्या मनगटावरून खाली ओघळत होता. मग अगदी हळू आवाजात, गेट मीटिंगला कधी काढला नाही अशा आवाजात, तो म्हणाला, "मगे भांडूचा कोणावांगडा?"

कोणाशी भांडायचं, ते मलाही माहीत नव्हतं. माझ्याभोवती शंभर माणसं तोंडात घास धरून उभी होती, आणि मला भयंकर राग आला होता, पण तो काढायला समोर कोणीही नव्हतं.